घरचे म्हणतात नाटकं करतेस, काय करू?

वय २६, कोथरूड. बायपोलर आहे (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार), त्यासाठी लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. बाबा गोळ्यांची पट्टी उचलून देवघराच्या वर ठेवतात, म्हणे सवय लागेल, आईला एकच टेन्शन की स्थळं कशी येणार, आणि दादा तर सरळ म्हणतो कामं टाळायची नाटकं आहेत. त्यात खासगी डॉक्टरची फी आता परवडत नाहीये.

> गोळ्या स्वतःहून बंद करू नकोस, लिथियम अचानक थांबवलं तर आजार उलटतो. पट्टी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव सरळ. आणि लिथियमची लेव्हल रक्तातून अधूनमधून तपासावी लागते, ते चुकवू नकोस. ससून हॉस्पिटलला मानसोपचारची ओपीडी आहे, रांग असते पण खर्च कमी.

> स्थळांचं टेन्शन म्हणे! पोरगी आजारी आहे त्याचं काय?? असो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क आहे तुला. रात्री फारच झालं तर १४४१६ लाव, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात.

> दादाला एकदा डॉक्टरांसमोर बसव. आमच्याकडे काका तिथेच गप्प झाले, घरी कोणाचं ऐकत नव्हते.