मुंबईवर जपान्यांनी बॉम्ब टाकले होते का? (माझ्या पणजीबद्दल विचारायचंय)

सुतळीची_गुंडी:
नमस्कार मंडळी. आमच्या घरात पहिल्यापासून एकच ऐकत आलेय, पणजी "जपान्यांच्या बॉम्बनं गेली". आजी आता ८८ वर्षांची आहे, तेव्हा सात वर्षांची होती. तारीख तिला सांगता येत नाही. लढाई चालू होती, रेशन लागलं होतं आणि उन्हाळा होता, एवढंच.

पणजी दाणाबंदरला, म्हणजे गोदीजवळच्या धान्यबाजारात, पोती शिवायची. माणसं साताऱ्याकडची, डोंगरीला एका खोलीत अकरा जण. पहाटे भाकऱ्या थापून, कमरेला दाभण खोचून निघायची. टोक बोचू नये म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली असायची. सुतळी ओढून ओढून तर्जनीला घट्टा पडला होता. आजी म्हणते, वेणी घालताना तो कानामागे लागायचा. संध्याकाळी लुगड्याच्या ओट्यात झाडून आणलेले दाणे असत: गहू, तूर, मध्येच खडे. ते निवडायचं काम आजीचं. मुकादमानं ओटा झटकायला लावला, की त्या रात्री पातळ आमटी.

एके दिवशी ती परत आलीच नाही. पणजोबांनी तिसऱ्या दिवशी चपलेवरून कुणाला तरी ओळखलं म्हणे. पण आई चपला घालतच नव्हती, असं आजी अजून भांडून सांगते.

माझा मुलगा म्हणतो, मुंबईवर जपानी बॉम्ब पडलेच नव्हते, पणजीआजी (म्हणजे माझी आजी) काहीतरी सांगते. मग ती गेली कशानं?

माझगावकर:
ताई, हे १४ एप्रिल १९४४ असणार. शुक्रवार होता. विमान नव्हतं, जहाज होतं.

व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. ज्यानं कापूस आणि दारू एकत्र भरायला परवानगी दिली त्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. दुपारी दोनच्या सुमारास आग दिसली. बंबवाले पाणी मारत राहिले. जहाज बाहेर न्यायचं की तिथेच बुडवायचं, याचा निर्णय होईपर्यंत वेळ गेली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली, म्हणजे बघा. पेटलेल्या गासड्या उडून वस्तीवर पडल्या. धान्याची गोदामं जळाली, आणि दाणाबंदर तिथून जवळच. ६६ अग्निशामक गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे.

दर्यावर्दी:
या स्फोटाचा विषय निघाला की लोक सोन्यावर येतात. जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या, त्यातली एक उडून एका पारशाच्या घरात पडली, वगैरे. विटांचा आकडा सगळ्यांना पाठ. मेलेल्यांचा आकडा मात्र कुठे ८०० वाचाल, कुठे १,३००. पाचशे माणसांचा फरक आहे हो! रोजावर येणारी बाई, हजेरी मुकादमाच्या वहीत, ती वहीच जळाली तर तिला मोजणार कोण?

निशिगंध:
मुलाला सांगा, पणजीआजीला हसू नकोस. ६ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले होते. डिसेंबर १९४३ मध्ये कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर टाकले, तिथे गोदीकामगारच मेले. मुंबईत ब्लॅकआउट होता. अशा दिवसांत गोदीकडून धडाम झाल्यावर माणूस दुसरं काय समजेल? वर सेन्सॉर. इथल्या बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी बाहेर पाठवू दिली नाही. आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सगळं सविस्तर सांगितलं. झालं, जपानी डोक्यात बसले.

आजींना एक विचाराल का? त्या दिवशी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला होता का, आणि आवाज किती झाले?

सुतळीची_गुंडी:
विचारलं. आवाज दोन. पहिल्यानंतर पणजोबा धावत बंदराकडे निघाले, शेजाऱ्यांनी धरून ठेवलं, तेवढ्यात दुसरा झाला आणि खोलीतली उतरंड कोसळली. भोंगा? आजी जरा थांबली. म्हणाली, "नाही वाजला. आधी कधी वाजला की आई आम्हाला जिन्याखाली बसवायची. त्या दिवशी आम्ही बाहेर खेळत होतो."

माझगावकर, शुक्रवारसुद्धा जुळतो. मजुरी शनिवारी मिळायची आणि पणजीनं "उद्या रेवड्या आणते" म्हणून सांगितलं होतं.

मग मी तिला जहाजाचं सगळं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मंग बाँब कुणाचा हुता?" म्हटलं, सरकारचाच, इंग्रजांचा. बराच वेळ काही बोलली नाही. मग रागावली ती जपान्यांवर नाही, इंग्रजांवरही नाही, मुकादमावर. त्या आठवड्याचे पैसे मागायला पणजोबा दोनदा गेले होते. पहिल्यांदा उद्या या म्हणाला, दुसऱ्यांदा ओळखच दाखवली नाही.

दर्यावर्दी, पणजीकडे दाभणं दोन होती. एक तिच्याबरोबर गेलं. दुसरं आजीच्या पेटीत आहे, चिंधीसकट. फोटो काढू का म्हटलं तर म्हणाली, आधी घासून देते.