टिओच्यू आजींचं माप कसं लिहून ठेवायचं?

सिंगापूरची_सून: आमच्या शेजारच्या टिओच्यू (दक्षिण चीनमधून आलेला समाज) आजी पंग क्वे करतात, म्हणजे पीचच्या आकाराचे गुलाबी, वाफवलेले, आत चिकट भात, शेंगदाणे, सुकी कोळंबी. नात आता घरूनच ऑर्डरी घेतेय पण आजींचं माप म्हणजे 'हाताला कळतं', काय करावं?

मोदकवाली: अगं सेम! सासूबाई उकड काढताना मी वजनकाटा घेऊन उभी, पिठाचा डबा आधी तोलला मग नंतर, त्या वैतागल्या पण माप मिळालं 😄

खवय्या७: लाकडी साचा जपा त्यांचा. आणि 'सून क्वे' (भाजीचं सारण भरून वाफवलेले क्वे) पण करत असतील तर पारीतल्या टॅपिओका स्टार्चचं प्रमाण आधी लिहा, चुकलं की वाफवताना फाटते.

सिंगापूरची_सून: परवा तेच झालं, 40 फुकट गेले!