'बाई वाटत नाही' म्हणजे नेमकं काय वाटत नाही?

अबोलीची फाती
परवा इथंच एका सद्गृहस्थांनी लिहिलं: 'पणजीत कुणा क्वियर (रूढ स्त्री-पुरुष चौकटीबाहेरच्या) चित्रकर्तीनं बायकांची पोर्ट्रेट्स लावलीत. स्वतःला आर्ट थेरपिस्टही, म्हणजे चित्रांतून मनावर उपचार करणारी, म्हणवते. संसार नाही, पोर नाही, आणि निघाली बाईपण शोधायला! निम्म्या चित्रांतली बाई तर बाईच वाटत नाही.' खाली सगळ्यांच्या टाळ्या. मी गप्प बसणार होते, पण रात्री भांडी घासतानाही ते डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

मी प्रदर्शन बघून आलेय. सासूबाईंना घेऊन गेले होते, वय 78. ज्या चित्रावर तुमचा राग आहे ते कुठलं हे मला बरोबर कळलं. साठीची बाई, अंगात पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गुडघे फाकवून स्टुलावर बसलीय आणि सरळ आपल्याकडे बघतेय. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "ही तर आमची सत्तरी तालुक्यातली आते." ती आते नवरा गेल्यावर काजूच्या दारूची भट्टी चालवायची. अंगात त्याचेच शर्ट, कारण पदर घेऊन आगीशी बसता येत नाही. हुर्राक प्यायला येणाऱ्या एकाही बाप्यानं तिला 'तू बाई वाटत नाहीस' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर उधारी बंद झाली असती.

दुसरं चित्र मासळी विकणाऱ्या बाईचं. हातात चार पाटल्या. शेजारच्या चिठ्ठीत लिहिलंय की पाटल्या गहाण आहेत, पण चित्राला बसताना तिनं बजावलं, त्या हातात रंगव. कसं दिसायचं ते बसणारीनं ठरवलं, आणि मला सगळ्या प्रदर्शनात हेच नवं वाटलं. आपल्या गोव्याच्या चित्रकार त्रिंदादनं (1870–1935) बायकोला समोर बसवून रंगवलंय, पणजीत फोंताइन्यसच्या फुंदासांव ओरिएंत संस्थेत जाऊन बघा. मला ती चित्रं आवडतात. पण असं बसायचं हे तिनं ठरवलं होतं की त्यानं, ते चित्र सांगत नाही.

कवळ्याचा काका
ते सद्गृहस्थ म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

माझा विरोध कुणाच्या खाजगी आयुष्याला नाही. पण चित्राआधी 'क्वियर'ची पाटी कशाला? चित्रकार गायतोंड्यांनी कॅनव्हासखाली आपण कुणाबरोबर राहतो ते लिहिलं नव्हतं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 तर 2018 मध्येच गेलं, विषय संपला. आणि ही थेरपी कोण तपासतं? उद्या आमचा न्हावी केस कापताना चार सुखदुःखाच्या गोष्टी करतो म्हणून त्यालाही थेरपिस्ट म्हणायचं का?

पर्वरीचा भाडेकरू
विषय संपला? 2018 मध्ये 'तुम्ही गुन्हेगार नाही' एवढंच झालं काका. ऑक्टोबर 2023 मध्ये लग्नाला कोर्टानं नकार दिला. मी आणि माझा जोडीदार तीन वर्षांत चार घरं बदलली. कागदावर आम्ही चुलतभाऊ. गेल्या घरमालकिणीला त्याचा इतका लळा लागला की तिनं त्याच्यासाठी डिचोलीचं स्थळ आणलं, मुलीच्या फोटोसकट. आम्ही दोघं तिच्या ओसरीवर बसून तो फोटो बघत होतो. पुढच्या महिन्यात घर सोडलं.

आपण पाटी नाही लावली तर लोक त्यांची लावतात. चित्रकार भूपेन खख्खरनं 1981 मध्ये सज्जात उभा नागडा माणूस रंगवून स्वतःची लावली.

फोंताइन्यसची शेजारीण
पोर्ट्रेटबद्दल बोलताय तर आमचंही ऐका. आमच्या दारात रोज कुणी ना कुणी येऊन पोझ देऊन फोटो काढतं. काल एक मुलगी आमच्या पायरीवर बसली होती. म्हटलं, बाय, ऊठ, मला कचरा टाकायला जायचंय. ती म्हणाली, 'आंटी, दोन मिनिटं, उजेड छान आहे.' घर आमचं, भिंत आमची, रंग आम्ही लावलेला, आणि आम्हीच फ्रेमच्या बाहेर! यावर काढा की कुणीतरी धागा.

कौन्सेलर बाय
काका, न्हाव्याचं सोडा. आर्ट थेरपी हा शब्द एड्रियन हिल नावाच्या चित्रकारानं 1942 च्या सुमारास वापरात आणला. स्वतः क्षयरोगानं सॅनेटोरियममध्ये पडला असताना चित्र काढून त्याला बरं वाटलं, मग शेजारच्या खाटांवरच्यांना त्यानं काढायला लावलं. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्यसेवेच्या कायद्यात आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आहे. आणि मन हलकं करायला मोठी डिग्रीच लागते असं म्हणाल, तर आपल्या गोव्यातच 'संगत' संस्थेनं साध्या माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं, त्याचा अभ्यास जगभर वाचला गेला.

पण फातीताई, तुमच्याशीही भांडण आहे. थेरपीत चित्र काढतो तो समोरचा माणूस. थेरपिस्ट त्याचं चित्र काढत नाही, आणि त्यानं काढलेलं चित्र त्याचंच राहतं. माझ्या शिकाऊ दिवसांत आमच्या वरिष्ठांनी एका मुलीचं चित्र कौतुकानं कॉरिडॉरमध्ये लावलं. चित्रात फक्त एक दार होतं. मुलगी पुढच्या आठवड्यात आली, चित्र भिंतीवर बघितलं, आणि परत कधी आली नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. त्यामुळे मला एवढंच सांगा: चित्रांतल्या बायका तिच्याकडे थेरपीला येणाऱ्या आहेत का? असतील तर मी काकांच्या बाजूला जाऊन बसते, नाक दाबून का होईना.

अबोलीची फाती
नाहीत. दारावर तसं लिहिलंय: यातली कुणीही तिच्याकडे उपचाराला येणारी नाही, प्रत्येकीनं चित्र आधी बघून होकार दिलाय. खरं सांगायचं तर ते मी बाहेर पडताना वाचलं, आत जाताना नाही. म्हणजे अर्धा तास मीही न विचारताच कौतुक करत होते. हा तुमचा मुद्दा मला लागला.

कवळ्याचा काका
चला, म्हणजे शंका घ्यायला जागा होती तर! निदान ताईंनी कबूल केलं.

अबोलीची फाती
काका, तुमची शंका ही नव्हतीच. तुमची शंका गुडघ्यांवर होती.

जुंव्याचा
'बाई वाटत नाही' वाचून हसू आलं. आमच्या गावच्या चित्रकार आंजेलो द फोन्सेकानं चित्रात येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली तेव्हाही 'ही मारिया वाटत नाही' म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. शेवटी तो पुण्याला गेला, 1967 मध्ये तिथंच वारला. आज तीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आपण पाहुण्यांना दाखवतो.

पेडण्याचा पखवाजी
मी वेगळंच विचारतो. दशावतारात आम्ही पिढ्यान् पिढ्या पुरुषांनी साकारलेली बाई बघतोय. बालगंधर्वांची साडी बघून बायका तशी नेसायला शिकल्या. तेव्हा कुणी विचारलं का, की यांना बाईपण काय कळणार? माझा मामा बावीस वर्षं स्त्रीपार्टी होता. द्रौपदी करायचा तेव्हा बायका पदरानं डोळे पुसायच्या.

कवळ्याचा काका
पात्रांव, ती कला! मामा सकाळी साडी सोडून शेतात जायचे ना? मग? यात नि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रेंदेर
आणि दशावतार उगाच मराठीच्या खात्यात घालू नका. सोंगं बोलतात ती आमचीच कोंकणी भाषा, विनोद तर सगळा आमच्याच बोलीतला.

पेडण्याचा पखवाजी
कुणी घातला खात्यात? राजाचं भाषण मराठीत असतं, संकासूर हे विनोदी सोंग त्याला वाटेल ते बोलतं. चाळीस वर्षं वाजवतोय, मला शिकवू नका.

रेंदेर
शिकवत नाही. कोंकणीला राजभाषा करणारा 1987 चा कायदा वाचा म्हणतो.

फोंड्याची मास्तरीण
आला! 1987 आला! अजून दोन उत्तरांत आपण 1967 च्या, गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही त्या, जनमत कौलापर्यंत पोचू. मराठी सगळ्या शासकीय कामांसाठी वापरता येते हेही त्याच कायद्यात आहे, तेही वाचा म्हणावं. माझ्या शाळेत पहिलीला सात मुलं उरलीत आणि तुम्ही संकासुराची मातृभाषा शोधताय.

रेंदेर
सात मुलं उरली कारण तुमच्याच लोकांनी आपली पोरं इंग्रजीत घातली. आमच्या नावानं खडे फोडू नका.

फोंड्याची मास्तरीण
तुमची कुठे जातात? सांगाच.

रेंदेर
हा प्रश्न धाग्याशी संबंधित नाही.

पेडण्याचा पखवाजी
झालं तुमचं? काकांना उत्तर द्यायचंय. नाही, मामा सकाळी साडी सोडून शेतात जायचा नाही. तो सोडायलाच वेळ लावायचा. दहिकाला होऊन रात्रीचा खेळ संपला, उजाडलं, पेटारे बांधायची घाई, मालक शिव्या घालतोय, आणि मामा रंग न पुसता रंगपटात आरशापुढे बसून. मी लहान होतो, मला वाटायचं दमला असेल. केस वाढवलेले, ते कामासाठी म्हणून खपायचे. रात्री ज्यांनी दहा रुपयांची नोट दिली तेच दुकानावर 'गो बाय, मीठ व्हरता गे?' (मीठ नेतेस का गं?) म्हणून हसायचे. आजोबांनी लग्न लावून दिलं. मामी अजून सांगते, निऱ्या घालायला तिला त्यानंच शिकवलं, तिच्या आईनं नाही. हे ती रागानं सांगते की मायेनं, मला आजवर कळलेलं नाही. तिचंही आयुष्य त्यात गेलंच.

कवळ्याचा काका
मामांचं ऐकून वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. पण मामांनी त्याचं प्रदर्शन नाही मांडलं.

पेडण्याचा पखवाजी
मांडायला मिळालं नाही, काका. रात्री अकरा ते पहाट, तेवढंच मिळालं.

कौन्सेलर बाय
मामींचं पोर्ट्रेट कुणी काढेल का, असं मनात आलं. पण त्यांना विचारूनच.

पर्वरीचा भाडेकरू
मामी हो म्हणाल्या तर मला सांगा. बघायला मी 'चुलतभावाला' घेऊन येतो.

कवळ्याचा काका
'क्वियर'च्या पाटीबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. थेरपीचं बाय म्हणते ते तूर्त धरून चालू. राहता राहिली ती शर्टवाली. आमच्या आईनं माझा हा सगळा वाद सुनेकडून ऐकलाय, आणि भट्टीवरच्या बाईचं चित्र बघायचंय म्हणून सकाळपासून हट्ट धरून बसलीय. प्रदर्शन किती वाजेपर्यंत असतं? मी खाली गाडीत बसेन.

अबोलीची फाती
सातपर्यंत. जिना अरुंद आहे, त्यांचा हात धरायला तुम्हाला वर यावं लागेल.

फोंताइन्यसची शेजारीण
आणि गाडी आमच्या दारात लावू नका.