एकच उत्परिवर्तन पुरेसे असेल, तर एच५एन१ माणसांमध्ये पसरत का नाही?

टिटवी (प्रश्न):
मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. अमेरिकेतील गायींमध्ये पसरलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन प्रथिनात २२६व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी ल्युसिन हे अमिनो आम्ल आले, तर ते प्रथिन मानवी पेशींवरील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटू लागते, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मग साथ का आली नाही, मॅडम?" "आणखी बरेच काही लागते," हे माझे उत्तर त्याला पटले नाही आणि खरे तर मलाही नाही. ते 'बरेच काही' म्हणजे नेमके काय?

माळरान:
पहिली गोष्ट अशी की तो प्रयोग सुट्या प्रथिनावर झाला होता, जिवंत विषाणूवर नव्हे. पेशीला चिकटणे ही संसर्गाची केवळ पहिली पायरी आहे. पक्ष्यांचे विषाणू अल्फा-२,३ जोडणी असलेल्या सियालिक आम्लाला (ग्राहीच्या टोकाच्या शर्करेला) धरतात, तर आपल्या नाकाघशात मुख्यतः अल्फा-२,६ जोडणी आढळते. आपल्या फुफ्फुसांच्या तळाशी मात्र पहिला प्रकारही असतो. म्हणूनच एच५एन१ची लागण झालेल्या काही माणसांना तीव्र न्यूमोनिया होतो, पण नाकाघशात विषाणूची वाढ फारशी होत नसल्याने तो शिंकेखोकल्यातून सहज बाहेर पडत नाही.

दुसरा अडसर पेशीच्या केंद्रकात आहे. विषाणूचा पॉलिमरेज हा विकर (एन्झाइम) पेशीतील एएनपी३२ए या प्रथिनाच्या मदतीने आपल्या जनुकांच्या प्रती काढतो. पक्ष्यांच्या या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, जो आपल्यात नाही, त्यामुळे पक्ष्यांच्या विषाणूचा पॉलिमरेज मानवी पेशीत रखडतो. पॉलिमरेजचाच भाग असलेल्या पीबी२ प्रथिनात ६२७व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले की ही उणीव बरीचशी भरून निघते.

शंखपुष्पी:
यापुढचा भाग मला अधिक रंजक वाटतो. रॉटरडॅम येथे रॉन फूशिए यांच्या गटाने इंडोनेशियातील एच५एन१मध्ये ग्राही बदलणारी दोन आणि वर उल्लेखलेले पीबी२मधील एक, अशी तीन उत्परिवर्तने मुद्दाम घातली, तरीही तो विषाणू फेरेटमध्ये (फ्लूच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या मुंगसासारख्या प्राण्यात) हवेतून पसरला नाही. त्यानंतर एका फेरेटच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात, अशी दहा वेळा त्याची पाठवणी केल्यावरच तो शेजारच्या पिंजऱ्यापर्यंत हवेतून पोहोचला, आणि तेव्हा हिमॅग्लुटिनिनमध्ये आणखी दोन बदल स्थिरावलेले आढळले. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हवेतून लागण झालेले ते फेरेट दगावले नव्हते, ही बाब तेव्हाच्या सनसनाटी मथळ्यांत हरवली.

त्याच वर्षी योशिहिरो कावाओका यांच्या प्रयोगातून एक खोच उघड झाली: मानवी ग्राही पकडायला शिकवणाऱ्या बदलांमुळे हिमॅग्लुटिनिन नाजूक होते. हे प्रथिन पेशीच्या आतील आम्लतेत उलगडायला हवे. ते आधीच उलगडले, तर विषाणू निकामी होतो. म्हणून त्याला पुन्हा मजबुती देणारा एक वेगळा बदल सोबत लागला. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गमावू नये, अशी ही तारेवरची कसरत आहे.

कण्हेर:
पशुवैद्य म्हणून एवढेच जोडतो की लागण होणे आणि पसरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले, पण म्हणून हा विषाणू वाघांमध्ये हवेतून पसरू लागला असे ठरत नाही. गायींच्या कासेत तर दोन्ही प्रकारच्या जोडण्या सापडतात आणि दूध काढण्याची यंत्रे विषाणूला एका कासेतून दुसऱ्या कासेत नेऊ शकतात, त्यामुळे तिथे शिंकेची गरजच उरत नाही.

टिटवी:
सर्वांचे आभार. पण इतके बदल एकत्र जुळून येणे कठीण असेल, तर १९५७ आणि १९६८च्या फ्लूच्या साथी कशा आल्या?

माळरान:
त्या विषाणूंनी सारे बदल एकेक करून कमावले नाहीत. इन्फ्लुएन्झाचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांत असतो, आणि एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. १९५७ मध्ये माणसांत आधीच रुळलेल्या विषाणूने पक्ष्यांच्या विषाणूकडून हिमॅग्लुटिनिन, न्यूरामिनिडेझ (पृष्ठभागावरील दुसरे प्रथिन) आणि पीबी१ (पॉलिमरेजचा आणखी एक भाग) यांचे तीन तुकडे उचलले, तर १९६८ मध्ये हिमॅग्लुटिनिन आणि पीबी१ हे दोन. माणसाला सरावलेला पीबी२ त्यांच्याकडे आधीपासूनच होता. हिमॅग्लुटिनिनमध्ये मात्र दोन्ही वेळा बदल व्हावाच लागला, आणि त्यातला एक तुमच्या विद्यार्थ्याला चकित करणाऱ्या त्याच २२६व्या स्थानावरचा होता.