'घेऊ की!' म्हणणारे आणि खिशात हात घालणारे

व्यवसायाची कल्पना कशी निवडायची, यावर एक सल्ला नेहमी दिला जातो: 'विद्यार्थ्यांना आधी सर्वेक्षण करायला लावा, मग कल्पना निवडा.' शिकवताना मीही कित्येक वर्षं हेच करायचो. आता भरवसा उरलेला नाही.

मागे एका गटाने नाचणीच्या लाडवांची कल्पना आणली. हॉस्टेलवर फॉर्म फिरवला. 60 पैकी 47 जण म्हणाले, 'घेऊ की!' मी म्हटलं, प्रत्येकाकडून 20 रुपये आगाऊ घेऊन या. आले पाच जणांचे. त्यातले दोघे गटातल्याच मुलीचे मावसभाऊ! पण उरलेल्या तिघांपैकी रात्रपाळी करणारी नर्सिंगची मुलगी म्हणाली, 'लाडू नको, रात्री दोनला भूक लागते तेव्हा काहीतरी तिखट मिळू दे.' 47 होकारांपेक्षा हे एक वाक्य कामाचं होतं. गटाने मग मेथीच्या तिखट पुऱ्या करून पाहिल्या.

1999 मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या उद्योजकाने हेच केलं. ऑनलाइन बूट कोणी घेतं का, हे बघायला त्याने दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवायचा. तोटा ठरलेला, पण माहिती पक्की. त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली.

आणि कल्पना 'नवीन'च हवी हा हट्ट कशाला? 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, तेव्हा पापड काय नवा होता?

हिशेबात मुलं गूळ, तूप, गॅस सगळं धरतात, स्वतःची मजुरी मात्र शून्य. तिथे मी गुण कापतो.