मदत हवी आहे: नोकरी न सोडता आयटीआयचं सर्टिफिकेट मिळतं का? (वाळूज, सीएनसी ऑपरेटर)

सांजवात

नमस्कार मंडळी. यांच्यासाठी विचारतेय.

वय ३५, दहावी पास, गणित-विज्ञान दोन्ही होतं. पुढे घरच्या अडचणीत शिक्षण सुटलं. दहा-बारा वर्षं वाळूज एमआयडीसीत सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) आहेत, पण कंत्राटी. कंपनी तीच, ठेकेदार तेवढे बदलत गेले. आता सेटिंगसुद्धा हेच करतात. ऑफसेट (मापातला फरक) टाकणं, इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलणं, पहिला पीस मायक्रोमीटरने तपासून पास करणं, सगळं. मशीनचा आवाज जरासा फिरला की इन्सर्ट गेलं म्हणून सांगतात, आणि ते गेलेलंच असतं.

कंपनीत परमनंटच्या काही जागा निघाल्यात. अट एकच, आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट. आयटीआय करून जी पोरं ट्रेनी म्हणून येतात त्यांना मशीन शिकवायला यांनाच उभं करतात, आणि यांच्या अर्जावर मात्र फुली. एचआरवाले चांगलं बोलतात. "काम आम्हाला माहीत आहे, कागद आणा."

कागद आणायचा कुठून? संभाजीनगरला रेल्वे स्टेशन रोडच्या शासकीय आयटीआयत विचारून आलो. प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही म्हणाले, ऐकून बरं वाटलं. पण कोर्स दोन वर्षांचा, रोज जायचं, हजेरी ८० टक्के. यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नोकरी सोडली तर दोन वर्षं घर कशावर चालवायचं?

मी स्वतः लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए केलं. पुस्तकं घरी, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र, परीक्षेपुरती चार दिवस धावपळ. मुलगा मांडीवर असताना पास झाले. १९८९ पासून नाशिकचं ते विद्यापीठ नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना पदव्या देतंय. इतिहास घरी बसून शिकता येतो, मशीन येणार नाही, हे कळतं मला. पण ज्याला मशीन आधीच येतं त्याने काय करायचं?

एका खाजगी इन्स्टिट्यूटने सांगितलं की सहा महिन्यांत "आयटीआय समकक्ष" सर्टिफिकेट देऊ, फक्त रविवारी या, फी ४५ हजार. भरावेत का? पत्राने मेकॅनिकल डिप्लोमा होतो असंही कोणी म्हणालं. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

जुना_फिटर

ताई, ४५ हजार अजिबात भरू नका. टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत. कंपन्या मागतात ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनसीव्हीटीचं (व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचं). खरं असेल तर ते ऑनलाइन पडताळता येतं. एचआर तिथेच नंबर टाकून बघतो. "समकक्ष" लिहिलेला रंगीत कागद त्या पडताळणीत कुठेच दिसणार नाही. माझ्या शेजारच्या लाइनवरच्या एकाने असाच आणला होता. फ्रेम करून घरी लावलाय.

पत्राच्या डिप्लोम्याचं तर नावच काढू नका. पत्राने घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांविरुद्ध सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा किती जणांची पंचाईत झाली ते पाहिलंय.

चहा_बिस्किट

मी आरपीएल केलंय, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतलं. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. थोडं ओरिएंटेशन, मग एक जण येऊन तपासतो. पैसे लागले नाहीत. पण ते आयटीआय नव्हे! आमच्या एचआरने बघितलं, "छान" म्हणाला आणि फाइलला लावलं. दुसरीकडे नोकरी शोधताना थोडा उपयोग झाला, नाही असं नाही. तुमची अट "आयटीआय" असेल तर याने ती पूर्ण होणार नाही.

कट्ट्यावरचा

कॉलेजांमध्ये आता आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रं आहेत ना? सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्यात मोदींच्या हस्ते सुरू झाली, राज्यातल्या हजारेक कॉलेजांसाठी. वय १५ ते ४५, म्हणजे यजमान बसतात. फुकट आहे. जवळच्या कॉलेजात विचारा.

जुना_फिटर

बसतात, पण तिथले कोर्स काही तासांचे, नवीन पोरांना कामाला लावण्यासाठी. बारा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला "व्हर्नियर कसा धरावा" इथपासून सुरुवात! योजना वाईट नाही, पण यांचा प्रश्न कामाचा नाहीच, कागदाचा आहे.

वर्कशॉप_नंबर_३

मी आयटीआयत निदेशक (शिकवणारा) आहे (कुठल्या ते राहू द्या). जी वाट तुम्हाला हवी आहे ती अस्तित्वात आहे, पण खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसता येतं. वय किमान २१, त्या ट्रेडमधला किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि ट्रेडला लागणारी शैक्षणिक पात्रता. टर्नर, मशिनिस्टला दहावी गणित-विज्ञानासह लागते, ती यांच्याकडे आहे. रोज वर्गात बसायची गरज नाही. परीक्षा मात्र नियमित मुलांचीच, थिअरी संगणकावर आणि प्रॅक्टिकल वर्कशॉपमध्ये. पास झालं की प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचंच.

अर्ज वर्षातून ठरावीक काळातच घेतात, म्हणून खिडकीवरच्या कारकुनाला विचारून परत येऊ नका. प्राचार्यांना किंवा परीक्षा विभागात भेटा, आणि "खाजगी उमेदवार, व्यवसाय परीक्षा" हेच शब्द वापरा. नुसतं "बाहेरून आयटीआय करायचंय" म्हणालात तर समोरच्याला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आठवतो आणि तो तुम्हाला बोर्डात पाठवतो. हे होताना मी रोज बघतो.

अनुभवाचा दाखला नोंदणीकृत आस्थापनेचा हवा. गाडं अडतं ते इथेच.

सांजवात

सर, मनापासून आभार. हे आजवर कोणीच बोललं नव्हतं.

दाखल्याचीच पंचाईत आहे. कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाही, ठेकेदाराचे. आत्ताचा ठेकेदार लिहून देईल, पण त्याच्याकडे जेमतेम वर्षच झालंय. आधीच्यांपैकी एक फोन उचलत नाही. दुसऱ्याने लेटरहेडवर "हेल्पर" लिहून दिलंय, कारण त्याच्या मस्टरवर सगळेच हेल्पर होते!

वर्कशॉप_नंबर_३

हेल्परचा दाखला लावू नका, त्याने नुकसानच होईल. आधी पीएफचं पासबुक काढा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असेल तर सगळ्या ठेकेदारांची नावं आणि महिने त्यात ओळीने येतात. तारखा त्याने सिद्ध होतील. काम कुठलं केलं हे मात्र पासबुक सांगत नाही, त्यासाठी दाखलाच लागेल.

कंपनीने "आमचा कामगार" असं लिहून द्यावं असा आग्रह धरू नका, कायद्याच्या भीतीने ते देणार नाहीत. त्याऐवजी उत्पादन विभागाच्या साहेबांना विचारा की "अमुक ठेकेदारामार्फत, या तारखेपासून आमच्या सीएनसी टर्निंग विभागात ऑपरेटर" एवढं देता का. पुष्कळ ठिकाणी एवढं मिळतं. ते ग्राह्य धरायचं की नाही हे आयटीआय ठरवेल, म्हणून मसुदा टाइप करायच्या आधी तिथे दाखवून घ्या.

चहा_बिस्किट

+१. आणि मूळ प्रतींसोबत झेरॉक्सचे दोन संच न्या. नाहीतर समोरच्या टपरीवर रांग लावण्यात अर्धा दिवस जातो.

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण कामाचं. माझ्या भावाची दहावी राहिली होती म्हणून त्याने एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) केली. गणित नको म्हणून सोपे विषय घेतले. दहावी झाली, पण आता टर्नर-फिटरला अर्ज चालत नाही, कारण गणित-विज्ञानच नाही. असा कोणी धागा वाचत असेल तर विषय निवडतानाच ट्रेडची अट बघा.

सांजवातताई, हे सर्टिफिकेट मिळालं की पुढचा रस्ताही उघडतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड झालेल्यांना डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकड्यांना २०२३-२४ पासून परवानगी दिलीय, तास नोकरीच्या वेळा बघून ठेवतात. किमान एक वर्षाचा अनुभव आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून जवळ असल्याची अट आहे. खाजगी उमेदवाराचं सर्टिफिकेट तिथे कसं धरतात ते प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी घ्या. सगळ्या कॉलेजांत हे नाही.

सांजवात

डिप्लोमा पुढचं पुढे! यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "परीक्षेत लिहावं लागतं का?" शाळा सुटून इतकी वर्षं झाली, पेनची सवयच गेलीय. येत्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दोघं आयटीआयत जाऊन प्राचार्यांना भेटतो. सर, तयारी कशी करायची तेवढं सांगाल का? क्लास लावावा का?

वर्कशॉप_नंबर_३

क्लासची गरज नाही. प्रॅक्टिकलची काळजीच करू नका, फक्त साध्या लेथवर थोडा हात बसवून घ्या. सीएनसीवर वर्षं काढलेल्यांना टेपर टर्निंगचं सेटिंग आणि हाताने थ्रेड कापणं जड जातं, आणि प्रॅक्टिकलला ते येऊ शकतं.

अनुभवी माणसं पडतात ती वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंगमध्ये. ड्रॉइंग वाचता येतं, काढता येत नाही. रोज एक आकृती, तिन्ही बाजूंनी, पेन्सिलीने काढायला लावा. मुलाच्या कंपासपेटीतला सेट-स्क्वेअर चालेल. थिअरीला पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे पेनची भीती नको. अभ्यासक्रम प्रशिक्षण महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, टर्नर घ्या. त्यातलं निम्मं यांना येतच असेल, फक्त पुस्तकातली नावं वेगळी असतील.

प्राचार्य काय म्हणाले ते इथेच लिहा. अर्जाच्या तारखा आल्या की मीही टाकतो.