आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर, घरातली ड्रेनेज लाईन तुंबतेय. प्लंबर बोलवू की उपसायची गाडी? मदत हवी आहे

अमळनेरची सून

नमस्कार मंडळी,

आमचं घर अमळनेरला, सासऱ्यांनी बांधलेलं, तीसेक वर्षांचं. खाली भारतीय बैठकीचा संडास, त्याला लागून न्हाणीघर, मागच्या अंगणात धुण्याभांड्याची मोरी. वरच्या मजल्यावर कमोड आणि बाथरूम. सगळं पाणी घराच्या कडेच्या बोळीतून पुढच्या अंगणातल्या सेप्टिक टँकला जातं, आणि टँकचं वरचं पाणी गटारीला.

नळ येतात त्या दिवशी घरात एकदम पाण्याची कामं निघतात. मशीनने पाणी सोडलं की खालच्या न्हाणीघराच्या जाळीतून काळपट, फेसाळ पाणी वर येतं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं, पण खाली गाळ उरतो. खालच्या संडासात बादली ओतली की पाणी आधी काठापर्यंत चढतं, मग गुडगुड करत हळूहळू उतरतं. वरच्या मजल्यावर काहीच त्रास नाही. संध्याकाळी वास येतो, तो नेमका कुठून ते कळत नाही.

सासरे म्हणतात बाटलीभर ॲसिड ओता, मोकळं होईल. शेजारचे म्हणतात टाकी भरली, एक माणूस आहे, तो उतरून साफ करून देतो. एका प्लंबरने फोनवरच सांगितलं की न्हाणीघराची फरशी फोडावी लागेल. आखाजीला दोघी नणंदा पोराबाळांसकट येणार आहेत, घर भरलेलं असणार. नुसता संडास तुंबलाय की सगळी लाईन, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि बोलवायचं कुणाला? जाणकारांनी कृपया सांगावं.

तापीकाठ

ताई, आखाजीले घर भरेल ऱ्हास, आधी चेंबर (लाईनवरचा झाकणाचा खड्डा) उघाडीसन देखा. फरशी फोडू देऊ नका.

पांझराकाठ (धुळे)

ताई, बांधकामाच्या साईटवर देखरेखीत माझं आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकाच ठिकाणी पाणी तुंबत असेल, म्हणजे फक्त बेसिन किंवा फक्त मोरी, तर अडथळा त्या जागेच्या ट्रॅपमध्ये (जाळीखाली पाणी साचून राहतं त्या वळणात) किंवा तिथून निघणाऱ्या छोट्या पाईपात असतो. जाळी काढून कचरा काढला, रबरी पंप मारला की बहुतेक वेळा काम होतं. एका ठिकाणी ओतलेलं पाणी दुसऱ्याच ठिकाणी वर यायला लागलं, की अडथळा त्या दोघांच्या पुढे, सामाईक लाईनमध्ये आहे असं समजायचं. तुमच्याकडे मशीनचं पाणी न्हाणीघरात येतंय, म्हणजे मुख्य लाईनच आहे. फक्त संडास तुंबला असता तर मशीनच्या पाण्याने न्हाणीघराची जाळी उसळली नसती.

वरच्या मजल्यावर त्रास नाही, यावर जाऊ नका. पुढे वाट नसलेलं पाणी त्या लाईनवरच्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं, आणि ते तोंड म्हणजे तुमच्या खालच्या न्हाणीघराची जाळी. वर कुणी आंघोळ केली तरी ते पाणी खालीच उसळणार. म्हणून खालचं बंद ठेवून वरचं वापरणं, हा बरेच जण करतात तो उपाय, उलटा पडतो.

गुडगुड कशाची? पाणी पुढे सरकत नाही, मागे अडकलेली हवा ट्रॅपमधून बुडबुडे होऊन निघते. पाणी झरझर उतरत असेल आणि नुसता आवाज येत असेल, तर गच्चीवरच्या व्हेंट पाईपाचं (लाईनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या पाईपाचं) तोंड बघावं. डासांसाठी बांधलेली जाळी धुळीने किंवा पक्ष्याच्या घरट्याने बंद झालेली असते. तुमचं पाणी उतरतच नाही, तेव्हा ही शंका नंतरची.

वासाबद्दल एक वेगळी गोष्ट. नहाणी ट्रॅपमध्ये जे दोन इंच पाणी साचून राहतं, तेच गटाराचा वायू अडवतं. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ ला जातो, आणि न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधलं हे पाणी थोड्याच दिवसांत सुकतं. तिथे तांब्याभर पाणी ओतून वास गेला, तर तो तुंबल्याचा वास नव्हता. एवढं आधी करून बघा.

आता चेंबर. बोळीत किती झाकणं आहेत? घराजवळचं पहिलं उघडा, मग टाकीजवळचं. पहिलं भरलेलं आणि शेवटचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. दोन्ही भरलेली, तर टाकी किंवा टाकीच्या पुढची वाट. दोन्ही कोरडी, तर संडास आणि पहिल्या चेंबरच्या मध्ये. ज्या चेंबरपर्यंत पाणी आहे आणि ज्याच्यापासून नाही, तेवढाच तुकडा प्लंबरला दाखवायचा. हे न बघता फरशी फोडायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

झाकण काढताना हातमोजे, पोरं लांब, आणि तोंड वाकवून आत बघायचं नाही. थोडा वेळ उघडं ठेवून लांबून टॉर्च मारा. काडी, विडी, दिवा जवळ नको, कारण आत मिथेन असू शकतो.

भुसावळ जंक्शन

ॲसिडबद्दल कळकळीने सांगते. तुंबलेल्या लाईनमध्ये ओतलेलं ॲसिड अडथळ्यापर्यंत नीट पोचतच नाही, वरच्या साचलेल्या पाण्यात पातळ होतं. सिमेंटचे सांधे मात्र खातं. नंतर प्लंबर त्याच पाण्यात हात घालतो आणि त्याचे हात भाजतात. घरात कुणी आधीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल आणि त्यावर ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडा टाकायचाही विचार करू नका. तो पाण्यात इतका तापतो की पीव्हीसी पाईप मऊ पडतो, आणि अडकलं तर आत दगडासारखा घट्ट बसतो. सासऱ्यांना माझं नाव सांगा हवं तर, पण बाटली उघडू देऊ नका.

अमळनेरची सून

सगळ्यांचे खूप आभार. पांझराकाठ दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. घराजवळच्या चेंबरमध्ये काठोकाठ पाणी आहे, वर पांढुरका थर. टाकीजवळचं चेंबर उघडलं तर तळाला नुसता ओलावा. वरचं बाथरूम बंद ठेवलंय. आता टाकी उपसायची की नाही? शेजारच्यांचा माणूस उद्या यायला तयार आहे.

पांझराकाठ (धुळे)

मग टाकीचा प्रश्न नाही. टाकी भरली असती तर टाकीजवळचं चेंबर आधी भरलं असतं. सेप्टिक टँक तसाही कायम भरलेलाच असतो, बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या पातळीपर्यंत त्यात पाणी असायलाच हवं. झाकण उघडून "बघा, भरली" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाणी आत येणाऱ्या पाईपाच्या तोंडावर चढलं, तर काहीतरी बिघडलंय. दर २-३ वर्षांनी गाळ मात्र काढायलाच हवा, तो गाडीने.

आणि त्या माणसाला उतरवू नका. हात जोडून सांगतो. सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाईडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकाला वास कळणंच बंद होतं, आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. बातम्यांत एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याचं वाचतो ते यामुळे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवून साफसफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि तो काम देणाऱ्याचा गुन्हा आहे, म्हणजे घरमालकाचासुद्धा. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. पण पैशांचं सोडा. "तो नेहमीच उतरतो" म्हणून आपल्या अंगणात कुणाचा बाप मरू नये.

पुढे कधी गाळ काढायचा असेल तर नगरपालिकेत विचारा किंवा खासगी सक्शन गाडी बोलवा. पाईप टाकीत जातो, माणूस बाहेर राहतो. १४४२० ही यासाठीच असलेली सरकारी हेल्पलाईन आहे.

नळकाम चाळीसगाव

मी स्वतः प्लंबर आहे. ताई, आता उशीर करू नका. दोन ठिकाणी पाणी उसळतंय आणि चेंबर काठोकाठ आहे, एवढं झालं की घरगुती उपाय संपले. मशीन बंद. भांड्यांचं पाणी बादलीत धरून झाडाला किंवा थेट बाहेर टाका.

बोलवताना फोनवर विचारा: स्प्रिंग (पाईपात घालून अडथळा ओढायची लांब लवचीक तार) आहे का? कामट्या घेऊन येणारे खूप आहेत. बांबूची कामटी सरळ लाईनला चालते, पण सांध्यात अडकली तर तुटून आतच राहते, आणि मग खरंच खोदावं लागतं. स्प्रिंग कोरड्या बाजूने, म्हणजे तुमच्या टाकीजवळच्या चेंबरमधून उलटी घालायला सांगा. पाणी एकदम सुटतं, त्यामुळे माणसाने बाजूला उभं राहायचं आणि सुटलेला कचरा टाकीत जाऊ न देता तिथेच काढून घ्यायचा. भाव काम बघून ठरवा, पण स्प्रिंगचे किती आणि खोदायची वेळ आली तर फुटाला किती, हे आधी बोलून घ्या.

पांढुरक्या थरावरून सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते याच दिवसांत. घरोघरी कुरडया चालू असतात. गव्हाचा चीक काढला की भांडी, कापड, पाट सगळं मोरीत धुतलं जातं. तो चीक पाईपाच्या तळाशी बसतो, वरून शेवभाजीच्या भांड्यांचं तेल येतं, आणि दोन्ही मिळून असा थर होतो की बोटाने खरवडावा लागतो. त्यात नळ रोज नसतात, म्हणून एरवी संडासात पाणी जपून ओतलं जातं आणि मैला पुढे वाहून जात नाही. नळ आले की सगळं पाणी एकदम, आणि तेव्हाच तुंबलेलं दिसतं. चिकाची भांडी आधी कोरड्या फडक्याने पुसा, पहिलं धुणं झाडाला घाला.

दुसरी शंका सांध्यांची. तीस वर्षांपूर्वी बोळीत चिनी मातीचे पाईप टाकायचे, दोन-दोन फुटांचे तुकडे, सिमेंटने जोडलेले. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. सांधा हलतो. मग त्यातून झाडाची मुळं आत शिरतात. कडुलिंब जवळ आहे का?

अमळनेरची सून

लिंब आहे, बोळीच्या टोकालाच. आणि त्याच्या अलीकडे आमचा पिण्याच्या पाण्याचा हौद, जमिनीखालचा. आता वाचून भीती वाटतेय.

भुसावळ जंक्शन

ताई, मग हौद आधी. फुटक्या सांध्यातून पाणी मातीत झिरपत असेल आणि हौदाला बारीकशी जरी चीर असेल तर ते एकमेकांत मिसळू शकतं. कावीळ, टायफॉईड यांची वाट हीच. लाईन मोकळी होऊन हौद तपासेपर्यंत पिण्याचं पाणी खळखळ उकळून प्या, पोरांना तर तेच. हौदाचं पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर उकळूनही वापरू नका, दुसरीकडून आणा. नणंदांनाही आत्ताच सांगून ठेवा. उसळलेल्या पाण्याने भिजलेलं पायपुसणं टाकून द्या, फरशी आधी साबणाने आणि मग ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा. दार-खिडकी उघडी ठेवून, आणि ॲसिड त्या दिवशी घरातच नको.

अमळनेरची सून

प्लंबर येऊन गेला. स्प्रिंग लिंबाच्या थोडं अलीकडे अडली. पुढेमागे करून ओढली तर केसांसारख्या बारीक मुळांची लांबलचक जट निघाली, त्यात राखाडी चीक लिंपलेला आणि एक पोतेऱ्याची चिंधी. पाणी सुटलं ते भसकन, चेंबर रिकामं झालं. संडास आता एका बादलीत मोकळा होतो. तो म्हणाला मुळं परत येणार, पावसाळ्याआधी तेवढा तुकडा बदलून घ्या. न्हाणीघराच्या फरशीला हात लावावा लागला नाही. हौद उपसून बघितला, लिंबाकडच्या भिंतीला ओल आहे, म्हणून सध्या पाणी बाहेरून आणतोय. आखाजी तेवढ्यावर निभेल. तुकडा बदलताना काय बघून घ्यायचं?

नळकाम चाळीसगाव

चार इंची पीव्हीसी टाका, ड्रेनेजचा जाड, रबर रिंगच्या सांध्याचा. माती हलली तरी तो सांधा थोडं सोसतो आणि मुळांना सहज वाट देत नाही. उतार दहा फुटांना तीन इंच. कमी दिला तर मैला बसतो. खाली आणि चारही बाजूंनी वाळू किंवा बारीक मुरूम भरा, निघालेली काळी माती पाईपाला लागून परत टाकू देऊ नका. लिंब तोडायची गरज नाही. लाईन हौदापासून जितकी लांब वळवता येईल तितकी वळवा, वळणावर चेंबर द्या, आणि हौदाच्या त्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ गिलावा करून घेतल्यावरच पाणी भरा. खड्डा बुजवायच्या आधी वरच्या मजल्यावरून दोन-तीन बादल्या सोडून प्रत्येक सांधा कोरड्या हाताने चाचपून बघा, आणि टेप धरून फोटो काढून ठेवा. बोळीत नंतर फरशी टाकायची झाली तर चेंबरची झाकणं तिच्याखाली झाकू नका.

अमळनेरची सून

लिहून घेतलं. हौदाच्या गिलाव्याला गवंडी उद्या बघायला येतोय, पाईपाचं काम सण झाल्यावर लगेच धरतो. शेजारच्यांनाही टाकीत माणूस उतरवण्याचं सांगितलं, त्यांनी गाडीचा नंबर मागितलाय. अमळनेर भागात सक्शन गाडी कुणाकडे मिळते ते माहीत असेल तर कृपया इथे कळवा.